विश्लेषण : कधीकाळचे व्यसन सरकारी नोकरीच्या पडताळणीत आडवे येते का?

देहूरोड-खडकीचे आयुध कारखाने, दिघीची डीआरडीओ प्रयोगशाळा, पोलिस दल, सीआरपीएफ किंवा अग्निवीर... निवड झाल्यावरही नेमणूक अडते ती चारित्र्य पडताळणीत. पूर्वी व्यसन होते, उपचार घेतले किंवा एखादा गुन्हा दाखल झाला, तर नेमके काय होते?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील अनेक तरुण दिवसा कारखान्यात ट्रेनी म्हणून राबतात आणि रात्री भरतीचा अभ्यास करतात. निवड यादीत नाव आले की पेढे वाटले जातात. पण नेमणुकीचे पत्र हाती पडण्याआधी चारित्र्य आणि पूर्वेतिहास पडताळणीचा टप्पा उरतो. कॉलेजात असताना गांजा ओढताना पकडले गेलेले, मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल दंड भरलेले किंवा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेले तरुण इथे धास्तावतात. कोणी फॉर्ममध्ये खोटे लिहितो, कोणी अर्जच करत नाही, तर कोणी ‘कुठे तरी नोंद होईल’ या भीतीने उपचारच टाळतो. प्रत्यक्षात व्यसन, त्यावरचे उपचार आणि त्यातून दाखल झालेला गुन्हा या तीन वेगळ्या बाबी आहेत. पडताळणीत त्यांचे वजनही वेगवेगळे आहे.

‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ भारतात कशी मिळते?

अमेरिकेत असते तशी ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ची जाहीर नियमावली आणि प्रत्येक व्यक्तीला मिळणारा दर्जा, अशी पद्धत भारतात सामान्य उमेदवाराच्या वाट्याला येत नाही. इथे तिचे काम चारित्र्य आणि पूर्वेतिहास पडताळणी करते. निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो आणि तो पडताळणीसाठी जिल्हा प्रशासन व पोलिसांकडे जातो. संवेदनशील पदांसाठी चौकशी अधिक खोलवर होते. गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्यांना १९२३ चा शासकीय गुपिते कायदाही लागू असतो.

चाकण, तळेगाव, देहूरोड, भोसरी, दिघी हा परिसर १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. तेव्हा इथल्या रहिवाशाची पडताळणी या आयुक्तालयामार्फत होते. मात्र, केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात मागील पाच वर्षांत एक वर्षापेक्षा जास्त काळ जिथे जिथे राहिलात, ते सगळे पत्ते द्यावे लागतात. म्हणजे लातूर किंवा बुलढाण्याहून येऊन चाकणमध्ये खोली करून राहिलेल्या तरुणाची विचारपूस दोन्हीकडे होऊ शकते. गुन्ह्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या देशव्यापी संगणक प्रणालीत असतात. त्यामुळे ‘गावाकडची केस इथे कोणाला कळणार’ हा हिशेब चुकतो.

खासगी कंपनीत नोकरी असली तरी हा विषय संपत नाही. संरक्षण साहित्य बनवणाऱ्या परवानाधारक कंपन्यांसाठी संरक्षण उत्पादन विभागाने २०१४ मध्ये सुरक्षा नियमपुस्तिका आणली. उत्पादन किती संवेदनशील आहे त्यानुसार कंपन्यांचे अ, ब, क असे वर्ग त्यात आहेत आणि वर्गानुसार सुरक्षेची बंधने ठरतात. अशा कंपनीत रुजू होताना पोलिस पडताळणीचा कागद मागितला जातो.

पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये हा प्रश्न तातडीचा का?

एक कारण म्हणजे इथल्या नोकऱ्या. देहूरोडचा आयुध कारखाना, खडकीतील दारूगोळा आणि उच्च स्फोटक कारखाने हे १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. दिघीला डीआरडीओची संशोधन आणि विकास आस्थापना आहे. तळेगावला सीआरपीएफचे गट केंद्र आणि जवळच सुदुंबरे येथे एनडीआरएफची तुकडी आहे. आयुध कारखान्यांत ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ म्हणजे स्फोटकांच्या इमारतीत काम करणाऱ्यांची मुदतीची पदे निघतात. अशा जागी नशेत असलेला एक कामगार शेजारच्या दहा जणांच्या जिवावर बेततो.

दुसरे कारण म्हणजे याच पट्ट्यात वाढलेला अमली पदार्थांचा बाजार. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सुमारे २० किलो मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतले ‘एमडी’, पकडले. त्याची किंमत तेव्हा सुमारे २० कोटी रुपये सांगण्यात आली आणि तपासाचे धागे रांजणगाव औद्योगिक वसाहतीपर्यंत गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत जाऊन मेफेड्रोनचा प्रचंड साठा जप्त केला. मोठे तस्कर पकडले जातात तेव्हा बातमी होते. पण खिशात एखादी पुडी सापडलेल्या, बातमीत कधीच न आलेल्या तरुणाच्या नावावरही गुन्हा दाखल होतो आणि तो नोकरीच्या वेळी समोर येतो.

यंत्रणांना जुन्या व्यसनाची चिंता का?

एक चिंता कामावरच्या सुरक्षेची. दुसरी दबावाची. लपवण्यासारखे काही असलेल्या माणसावर कोणीही दबाव आणू शकतो, ही सुरक्षा यंत्रणांची जगभरची धारणा आहे. मे २०२३ मध्ये दिघीच्या डीआरडीओ आस्थापनेच्या तत्कालीन संचालकांना दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. आरोप होता पाकिस्तानी हस्तकाशी संपर्क ठेवून संवेदनशील माहिती पुरवल्याचा. त्या प्रकरणाचा अमली पदार्थांशी संबंध नव्हता. पण खासगी आयुष्यातील एखादा कच्चा दुवा शत्रूच्या हाती लागला तर काय होऊ शकते, याची चर्चा त्यानंतर याच परिसरात झाली. व्यसन, त्यासाठी झालेले कर्ज आणि पुरवठा करणाऱ्यांशी असलेले संबंध हे असेच कच्चे दुवे मानले जातात. त्यामुळे ‘पूर्वी काय केले’ याबरोबरच ‘आज ते उघड आहे की लपवलेले’ हेही यंत्रणा पाहतात.

साक्षांकन नमुन्यात काय विचारतात?

केंद्र सरकारच्या नमुन्यातील प्रश्न थेट आहेत. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर खटला चालला आहे का? स्थानबद्ध केले होते का? बंधपत्र लिहून घेतले होते का? न्यायालयाने दंड केला आहे का? दोषी ठरवले आहे का? फॉर्म भरताना एखादे प्रकरण प्रलंबित आहे का? विद्यापीठाने किंवा परीक्षा मंडळाने काढून टाकले अथवा परीक्षेस मनाई केली होती का? खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर अपात्र ठरवले जाईल, असा इशारा नमुन्याच्या सुरुवातीलाच असतो. फॉर्म दिल्यानंतर असे काही घडले तर तेही कळवावे लागते.

या प्रश्नांच्या यादीत ‘तुम्ही कधी नशा केली होती का’ किंवा ‘व्यसनमुक्तीचे उपचार घेतले होते का’ असा प्रश्न नाही. विचारले जाते ते पोलिस आणि न्यायालयाच्या नोंदींबद्दल. वैद्यकीय तपासणी ही मात्र वेगळी पायरी आहे. सैन्य, पोलिस आणि निमलष्करी दलांत डॉक्टर पूर्वीच्या आजारांबद्दल विचारू शकतात. तिथे विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागते.

‘दंड भरला, विषय संपला’ हे खरे आहे का?

सर्वाधिक उमेदवार इथेच फसतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचे सेवन हाच गुन्हा आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पदार्थ जवळ सापडला तर त्याचे वजन महत्त्वाचे ठरते. गांजा एक किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत, हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत आणि मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’ मानले जाते. मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर गेले की ते ‘व्यापारी प्रमाण’ होते आणि शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते.

अशा किरकोळ प्रकरणांत तारखांचा त्रास नको म्हणून अनेक जण गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि घरी येतात. मद्यपान करून वाहन चालवण्याच्या प्रकरणातही असेच होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सिग्नल तोडल्याची पावती आणि हा दंड यांत मोठा फरक आहे. न्यायालयात गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. ‘न्यायालयाने दंड केला आहे का’ या प्रश्नावर ‘नाही’ लिहिणारा उमेदवार माहिती दडवतो, भले त्याला ती पावती क्षुल्लक वाटत असली तरी.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका काय?

या विषयावरचा मुख्य निकाल २१ जुलै २०१६ रोजीचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा आहे. त्यापूर्वी न्यायालयाचेच निकाल दोन दिशांना गेले होते. २०११ मध्ये दिल्ली पोलिस भरतीच्या संदीप कुमार प्रकरणात तरुण वयातील चुकांकडे उदारपणे पाहावे, असे म्हटले गेले. इतर काही निकालांत माहिती दडवणे हेच नोकरी जाण्यास पुरेसे मानले गेले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही तफावत दूर करत नियम घालून दिले. ही प्रकरणे प्रामुख्याने मारामारी, निदर्शने अशा गुन्ह्यांची होती. पण तीच कसोटी अमली पदार्थांच्या नोंदींनाही लागू होते.

या निकालाचे सार असे : उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी. गुन्हा किरकोळ असेल आणि तो दडवला गेला असेल, तर नियोक्ता आपल्या अधिकारात ती चूक माफ करू शकतो. गुन्हा किरकोळ नसेल आणि शिक्षा झाली असेल, तर निवड रद्द करता येते. गंभीर गुन्ह्यात केवळ तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर नियोक्ता सर्व परिस्थिती तपासू शकतो. उमेदवाराने निकाली निघालेल्या प्रकरणाची खरी माहिती दिली, तरीही त्याला नेमलेच पाहिजे अशी सक्ती नियोक्त्यावर नाही. सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला मात्र विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही.

उमेदवाराच्या बाजूचा मुद्दाही याच निकालात आहे. फॉर्ममधील प्रश्न स्पष्ट हवा, मोघम नको. आणि जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर आहे. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर दिले नाही म्हणून माहिती दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. साक्षांकन नमुन्यात उपचारांबद्दल प्रश्न नाही, याला त्यामुळे महत्त्व येते.

पोलिस आणि सशस्त्र दलांसाठी निकष कडक का?

कायदा राबवणाऱ्याकडून अधिक अपेक्षा, हे कारण न्यायालयाने वारंवार दिले आहे. २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात दिल्ली पोलिसांनी निर्दोष सुटलेल्या उमेदवारालाही नाकारण्याचा निर्णय ग्राह्य धरला गेला. २०२२ मध्ये दोन निकाल आले. मे महिन्यात रेल्वे सुरक्षा दलाच्या पवन कुमार प्रकरणात, केवळ माहिती दिली नाही म्हणून मनमानीने सेवेतून काढता येत नाही, असे सांगत न्यायालयाने जवानाला दिलासा दिला. सप्टेंबरमध्ये सीआरपीएफच्या सतीशचंद्र यादव प्रकरणात मात्र सेवा संपवण्याचा निर्णय कायम ठेवला आणि सुरक्षा दलांत सचोटीची पातळी वरची हवी, असे म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील शिपाई भरतीच्या रवींद्र कुमार प्रकरणात पुन्हा उमेदवाराच्या बाजूने निकाल लागला.

या निकालांत विरोधाभास वाटला तरी धागा एकच आहे. प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीवर तपासायचे : गुन्हा कोणता, वय काय होते, निकाल कसा लागला आणि विचारल्यावर उमेदवार खरे बोलला का. एकदा गांजाचे सेवन करताना सापडलेला विद्यार्थी आणि विक्रीसाठी एमडी बाळगणारा आरोपी यांना एका तराजूत तोलले जात नाही. पण सेवनाच्या जुन्या प्रकरणाने निवड नक्की टिकेल, अशी हमीही कोणी देऊ शकत नाही.

उपचार घेतले तर नोंद पोलिसांकडे जाते का?

साधे उत्तर : आपोआप जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित स्थितींचा समावेश केला आहे. त्यामुळे कलम २३ मधील गोपनीयतेचा हक्क व्यसनमुक्तीच्या रुग्णालाही मिळतो. जिवाला धोका, न्यायालय किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता असे मोजके अपवाद सोडले, तर उपचारांची माहिती संमतीशिवाय देता येत नाही. कंपनीच्या एचआर विभागाने फोन करून विचारले म्हणून रुग्णालयाने सांगावे, अशी मुभा कायद्यात नाही.

एनडीपीएस कायद्यानेही उपचारांचा दरवाजा उघडा ठेवला आहे. कलम ६४ अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही, कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडू शकते. या तरतुदी आरोपीलाच काय, अनेकदा त्याच्या पालकांनाही माहीत नसतात. दंड भरून मोकळे होण्याचा सोपा मार्ग निवडला जातो आणि दोषसिद्धीची नोंद आयुष्यभर मागे राहते. मात्र, कलम ६४ अ मुळे खटला टळला तरी अटक झाली असल्यास ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते.

याचा अर्थ, गुन्हा दाखल होण्याआधीच उपचार घेतलेला तरुण पडताळणीत सर्वांत सुरक्षित असतो. त्याच्या नावावर पोलिसांची किंवा न्यायालयाची नोंदच नसते. पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन निःशुल्क आहे. केंद्र निवडताना सरकारी मान्यतेचे पत्र पाहणे गरजेचे, कारण कलम ६४ अ चा लाभ मान्यता नसलेल्या केंद्रातील उपचारांना मिळत नाही.

अठरा वर्षांच्या आत घडले असेल तर?

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार अल्पवयात घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढील आयुष्यात अपात्रता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त १६ वर्षे पूर्ण झाल्यावर केलेल्या निर्घृण गुन्ह्याचा, ज्यात प्रौढ म्हणून खटला चालला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सीआयएसएफच्या रमेश बिश्नोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयातील प्रकरणावरून नोकरी नाकारणे चुकीचे ठरवले. अकरावी-बारावीत असताना अशा प्रकरणात सापडलेल्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

परदेशात काय पद्धत आहे?

अमेरिकेत गोपनीय पदांसाठी जून २०१७ पासून लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर आहेत आणि त्यात अमली पदार्थांच्या गैरवापराचे स्वतंत्र कलम आहे. फॉर्ममध्ये मागील सात वर्षांतील सेवनाबद्दल थेट विचारले जाते. किती काळ लोटला, वारंवारता किती होती, जुनी संगत सोडली का, उपचार पूर्ण केले का, हे मुद्दे उमेदवाराच्या बाजूने धरले जातात. खरे सांगितलेल्या उत्तराचा फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापर केला जात नाही. खोटे बोलणे हा मात्र वेगळा दोष ठरतो. काही राज्यांत गांजा कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात तो निषिद्ध असल्याने गोपनीय पदांसाठी त्याचे सेवन अडचणीचे ठरते.

चाकणच्या वाहन कंपन्यांतून कामासाठी अमेरिकेला जाणाऱ्या अभियंत्यांना याचा दुसरा चेहरा दिसतो. तिथल्या व्हिसा अर्जात ‘अमली पदार्थांचे व्यसन आहे किंवा होते का’ आणि ‘त्यासंबंधीचा कायदा मोडला आहे का’ असे दोन्ही प्रश्न आहेत. भारतात किरकोळ वाटलेली दोषसिद्धी तिथे व्हिसा नाकारण्याचे कारण ठरू शकते.

उमेदवारांनी काय करावे?

आपल्या नावावर नेमके काय आहे, हे आधी कागदावर पाहावे. एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून काढून घ्यावी. ‘वकील म्हणाला होता मिटले’ यावर विसंबू नये. प्रकरण मागे घेतले, तडजोड झाली, निर्दोष सुटका झाली की दंड झाला, हे निकालपत्रावरूनच ठरते. फॉर्म दुसऱ्याकडून, विशेषतः सायबर कॅफेतून, भरून घेत असाल तर सही करण्याआधी प्रत्येक प्रश्नावरची ‘होय-नाही’ची खूण स्वतः तपासावी. उत्तर ‘होय’ असेल तर गुन्हा क्रमांक, पोलिस ठाणे, कलम आणि निकाल थोडक्यात लिहून प्रत जोडावी. उपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत; पण न मागता जोडण्याची गरज नाही.

निवड रद्द करण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस आली, तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. त्यात वय, गुन्ह्याचे स्वरूप, लोटलेला काळ, पूर्ण केलेले उपचार आणि अवतार सिंग निकालाचा उल्लेख असावा. तरीही निवड रद्द झाली तर केंद्राच्या नागरी पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, राज्य सेवेसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सैन्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आणि सीआरपीएफसारख्या दलांसाठी उच्च न्यायालय, असे दाद मागण्याचे मार्ग आहेत.

व्यसनातून बाहेर पडलेल्या तरुणाला एखादी भरती हुकू शकते. खोटे लिहून नोकरी मिळवणाऱ्याच्या डोक्यावर मात्र ती नोकरी असेपर्यंत टांगती तलवार राहते. पाच-सात वर्षांनी एखादी निनावी तक्रार आली तरी जुना साक्षांकन नमुना पुन्हा उघडला जातो. तोवर लग्न झालेले असते, घराचे हप्ते सुरू असतात आणि दुसऱ्या भरतीचे वय निघून गेलेले असते.